चातुर्मासात सोडलेली गोळी

२१ जुलै १९९१, रविवार

माझ्या पोराच्या, चंदूच्या कंपनीने दिलेली डायरी. जानेवारीत त्याने चार पानं लिहिली आणि थकला. आजच्या पोरांचा दम तेवढाच. बाकीची मी घेतली. मी चौथी पास आहे, पण त्या वेळची चौथी.

लिहायला कारण आहे. काल देवळात गावकी बसलेली. नारळी पुनवेचा सोन्याचा नारळ या वर्षी माझ्या हातून खाडीला जाणार. आजवर थोरला भाऊ न्यायचा, तो माघात गेला. आता घराण्यात वयाने मोठा मी. अख्ख्या कोळीवाड्यात याहून मोठा मान नाही. नारळ साधाच असतो, वर सोनेरी कागद चिकटवलेला. पण ताट हातात घेतलं की बँजोवाले मागे आणि आपण पुढे.

दामाजीने खोडा घातलाच. माझा चुलत भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वागतो आजोबासारखा. उभा राहून म्हणाला, दादाला मान मिळूदे, माझं काय नाय. पण दिवाळीला दादाच्या छातीत कळ आलेली. देवळापासून बंदरापर्यंत अनवाणी जायचं, ताट खाली ठेवायचं नाय, मध्ये थांबायचं नाय. दादाला झेपंल का, तेवढंच विचारतो.

एवढा गोड आवाज मी फक्त मतं मागणाऱ्यांचा ऐकलाय.

पंचांनी ठरवलं, नारळ कान्हानेच न्यायचा. कान्हाला झेपलं नाही तर दामाजीने. म्हणजे आता दामाजीला महिनाभर माझ्या तब्येतीवर नजर ठेवायची ड्युटी मिळाली.

निश्चय: २५ ऑगस्टपर्यंत तब्येत घोड्यासारखी करणे.

२२ जुलै, सोमवार. आषाढी एकादशी

आजपासून चातुर्मास. आमच्याकडे प्रत्येकाने चार महिने एक वस्तू सोडायची, हा नेम माझ्या आईपासून आहे. बायकोने, सगुणाने चहा सोडला. आता दिवसभर कपाळ धरून बसेल. सूनबाईने वांगं सोडलं, तिला ते आधीपासूनच आवडत नाही. चंदू म्हणाला, मी सिगरेट सोडली. मी म्हटलं, तू ओढतोस कधी? म्हणाला, तेच तर.

दामाजीने मासळी सोडली. सुकी आणि ओली, दोन्ही. कोळी माणूस चार महिने मासळीविना. सगळा वाडा त्याच्या ओट्यावर जाऊन त्याच्याकडे देव बघावा तसं बघत होता. हा साबुदाणा खाताना तोंड असं करतो की जसं काय तुकडा तोडून दान करतोय. ढोंगी. गावकीवर छाप पाडायचे धंदे.

मलाही काहीतरी सोडणं भाग होतं. बोंबील सोडवत नाहीत. तंबाखू माझी मीच नऊ वेळा सोडलेली आहे, त्यात नवीन काही नाही. फराळ करून आडवा पडलो आणि एकदम सुचलं.

गोळी सोडायची.

दिवाळीपासून रोज सकाळी चहाबरोबर ती पांढरी गोळी चालू आहे. डॉक्टरीणबाई उत्तराबाई, माझ्या मुलीहून, मालूहून लहान, चष्मा मोठा. म्हणे ही गोळी हृदयाचं काम हलकं करते, ठोके सावकाश करते, प्रेशर खाली ठेवते. झालंय काय, मीच सावकाश झालोय. हात बर्फासारखे. बंदराच्या पायऱ्या चढताना दामाजी पुढे आणि मी मागे. ही गोळी म्हणजे चालत्या होडीला बांधलेला नांगर. तो सोडला की होडी आपोआप पळणार. यात डॉक्टरकी लागत नाही, खाडीवर वाढलेल्या कुणालाही कळेल.

ती म्हणालेली, काका, स्वतःच्या मनाने कधी बंद करू नका, एकदम बंद केली तर हृदय उधळतं. मी मान डोलावली. उधळायलाच तर हवंय.

नेम कुणाला सांगायचा नाही. सांगितला की पुण्य कमी होतं.

२४ जुलै, बुधवार

नेम छान चालू आहे. सगुणा सकाळी गोळी हातावर ठेवते. मी जिभेखाली सरकवतो, चहाचा घोट घेतो, मागच्या दारी जाऊन जाळ्याचं शिसं ठेवायच्या डब्यात टाकतो. चहा सोडल्यामुळे सगुणाचं लक्षच नसतं, ती माझ्या कपाकडे बघत असते.

आज बंदरापर्यंत जाऊन आलो. हातपाय गरम. डॉक्टरकी म्हणजे थोतांड आहे हे माझं मत लिहून ठेवतो.

२८ जुलै, रविवार

मालू ठाकुर्लीहून आली, जावई नाही आले, बरं झालं. माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तोंड लालबुंद का दिसतंय? तब्येत सुधारली की लोकांना बघवत नाही, त्यात पोटची पोरही आली.

उशीवर डोकं ठेवलं की कानात ठोके ऐकू येतात. धडधड, धडधड. मध्येच एक ठोका चुकतो, मग दोन पटापट येतात. इंजिन चालू झालं. इतके महिने बंद पडलेलं इंजिन चालू होताना आवाज करणारच.

तरी नाडी बघितली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा मध्ये मध्ये अडकतो, त्यामुळे मोजणीचा भरवसा नाही. तीन वेळा मोजली, तीन वेगळे आकडे. सगळ्यात कमी आकडा धरला.

१ ऑगस्ट, गुरुवार

सगुणाने ओढत दवाखान्यात नेलं. उत्तराबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. तोंड गंभीर. विचारलं, गोळी रोज घेता ना? मी काही बोलायच्या आत सगुणा म्हणाली, माझ्या हाताने देते, बाई. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही.

बाई म्हणाल्या, मग प्रेशर एवढं वर कसं? दोन आठवडे बघू, नाहीतर दुसरी गोळी जोडावी लागेल. खारं कमी करा. सुके बोंबील, पापड, लोणचं, काही नको.

म्हणजे बघा. एक गोळी चालत नाही हे कबूल, म्हणून दुसरी. आमच्या वेळी एक जाळं फाटलं तर ते शिवायचे, त्याच्यावर दुसरं टाकत नव्हते.

परत येताना सगुणा म्हणाली, गोळ्या खोट्या देतात काय हो हल्ली? दुकानदाराला जाऊन झाडते. मी म्हटलं, जाऊदे, गरीब माणूस आहे. माझा स्वभावच असा.

५ ऑगस्ट, सोमवार

रिहर्सल. ताटात शहाळं ठेवून सकाळी कुणी नसताना देवळापासून निघालो. नारळापेक्षा शहाळं जड, म्हणजे प्रॅक्टिस चांगली. मधल्या गल्लीत वाऱ्यामुळे दम लागला. वारा समोरून होता. दामाजीच्या ओट्याशी जरा टेकलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. दामाजी आतून आला, म्हणाला, दादा, शहाळं कुठे चाललंय? मी म्हटलं, आजारी माणसाला. तो म्हणाला, मग इथेच बसून पी, कशाला पुढे जातोस.

गावभर माझं हसं करील आता. हलकट. मासळी सोडली, तोंड नाही सोडलं.

शहाळं तिथेच प्यालो. टाकून देणं बरं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

छातीवर वजन ठेवल्यासारखं. कालच्या पातोळ्या जड झाल्या. सूनबाईला सांगितलं, तुझ्या हाताला माप नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही सहा खाल्ल्या. हिशेब ठेवणारी सून.

जिना चढलो की डाव्या खांद्यात कळ येते, बसलो की जाते. बसलो की जाते म्हणजे ती हृदयाची नसणार, हृदय बसल्यावरही चालूच असतं. तेल चोळलं.

खरं लिहायचं तर एकदा डब्याजवळ गेलेलो. झाकण उघडलं. शिशाच्या मण्यांत माझ्या गोळ्या पांढऱ्या दिसत होत्या. एक घेतली असती तर कुणाला कळलं नसतं. पण चातुर्मासाचा नेम श्रावण लागायच्या आत मोडला असता तर वरच्याला काय तोंड दाखवणार. दामाजी तिकडे मासळी खात नाही आणि मी इकडे गोळी खाणार? झाकण लावलं.

(११ तारखेला दामाजीकडे जाऊन बघायचं. चोरून खात असणारच.)

११ ऑगस्ट, रविवार

गेलो. खात नाही. भेंडीची भाजी. भेंडीसमोरही तेच तोंड. मला म्हणाला, दादा, तुझ्या कपाळावर घाम आहे, बस जरा. मी म्हटलं, उकाडा आहे. बाहेर पाऊस पडत होता.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज हातून एक चांगलं काम झालं.

शेजारची जनाबाई. नवरा गेलेला, पोरगा उल्हासनगरला. दम्याची जुनी पेशंट, छाती बोलते तिची. पायरीवर बसून म्हणत होती, कान्हाभाऊ, जीव धडधड करतो, छातीत पाखरू फडफडतं. मला तिचं दुखणं एकदम कळलं, कारण माझ्याही छातीत तेच पाखरू आहे, फक्त माझं तब्येत सुधारल्याचं आहे.

डब्यातून दोन गोळ्या काढून धुतल्या आणि दिल्या. म्हटलं, ठोके सावकाश होतात, आपल्या उत्तराबाईंचीच गोळी आहे. सोडलेली वस्तू दान केली तर पुण्य दुप्पट होतं. जनाबाईने पदराला बांधल्या. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दामाजीने आजवर तिला एक भेंडी दिली नसेल.

१४ ऑगस्ट, बुधवार

जनाबाई मूर्ख बाई आहे.

माणसाने विश्वासाने औषध दिलं तर ते घ्यावं. ही बया ते घेऊन उत्तराबाईंकडे गेली, विचारायला. का, तर म्हणे, दम्याच्या माणसाने न विचारता काही घेऊ नये असं बाईंनी सांगितलंय. उत्तराबाईंनी गोळी बघितली आणि म्हणाल्या, ही तू घेतली असतीस तर श्वासनळ्या आवळल्या असत्या, दम्याला ही चालत नाही, तुला दिली कुणी? जनाबाईने माझं नाव सांगितलं. तिथून ती सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली.

सगुणा माझ्यासमोर दोन गोळ्या घेऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, चातुर्मासाचा नेम आहे. ती म्हणाली, मी चहा सोडला, तुम्ही औषध सोडलं. मी म्हटलं, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे.

मग चंदू आला. त्याला कळल्यावर म्हणाला, बाबा, पुढच्या वर्षी श्वास सोडा, पुण्य अजून जास्त. कंपनीत हेच शिकवतात का, विचारलं पाहिजे.

बाकीच्या गोळ्या शोधत सगुणा मागच्या दारी गेली. डबा तिला सापडला नाही, कारण जाळ्याच्या डब्याला बायका हात लावत नाहीत. मी विचारपूर्वक जागा निवडलेली. विचारलं तर सांगितलं, बाकीच्या गोळ्या खाडीत टाकल्या.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखाना. काल पंधरा ऑगस्टची सुट्टी होती म्हणून एक दिवस सुटलो.

उत्तराबाई रागावतील वाटलेलं. रागावल्या असत्या तर मी उठून गेलो असतो. त्या खुर्ची जवळ घेऊन बसल्या, पट्टा बांधला, छातीला नळी लावली, कागदाची पट्टी काढणारं मशीन लावलं. म्हणाल्या, काका, नशीब चांगलं. ही गोळी रोज घेत असताना हृदयाला सवय होते. एकदम काढली की ते दुप्पट जोराने धावतं. छातीत कळ आली ती त्यामुळे. अॅटॅक येऊ शकला असता. बंद करायचीच असेल तर आम्ही हळूहळू कमी करतो, काही आठवडे लावून. हात गार पडत होते, थकवा येत होता, तर मला सांगायचं, मी गोळी बदलली असती.

हे त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं. सगुणा म्हणाली, आधी सांगितलेलं, तुम्ही मान डोलावत होता. सगुणाची आठवण नको तिथे चांगली आहे.

आजपासून परत एक गोळी. एकच, हे बोट वर करून तीनदा सांगितलं. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. एखाद दिवशी विसरली तरी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. झोपेतून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. मला उभं कसं राहायचं ते शिकवतात. मी वादळात होडीवर उभा राहिलेला माणूस आहे.

नारळाचं विचारलं. म्हणाल्या, या वर्षी दुसऱ्या कुणाला नेऊद्या. अनवाणी, गर्दीत, उपाशी, मी परवानगी देणार नाही.

दुसरा कुणी म्हणजे कोण हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

रोज सकाळी गोळी घेतल्यावर सगुणासमोर तोंड उघडायचं, जीभ वर करायची. नातवंडंसुद्धा दूध प्यायल्यावर असं दाखवत नाहीत. माझं वय अडुसष्ट.

पंचांपैकी हरिहर पाटील येऊन गेले. तब्येत विचारली. मी म्हटलं, फर्स्टक्लास. ते गेल्यावर सगुणा म्हणाली, सांगू का त्यांना? मी म्हटलं, हा मान माझ्या बापाचा होता, मग भावाचा. तो दामाजीच्या घरात गेला तर मी बंदरावर पाय ठेवणार नाही, तुझ्या हातचं जेवणारही नाही. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, ठीक आहे, मी तुमच्या बाजूने चालेन. ताटाला हात लावणार नाही, तुम्हाला लावीन.

बायकोच्या आधाराने नारळ नेणारा कोळी. पण तूर्त मान्य केलं. पुढे बघू.

२२ ऑगस्ट, गुरुवार

कळ कमी आहे. धडधड कमी आहे, पण गेलेली नाही. उत्तराबाईंची गोळी कासवाच्या चालीने चालते. रविवार तोंडावर आला.

बँजोवाल्यांची प्रॅक्टिस ऐकू येते. दामाजी नवा पांढरा लेंगा शिवून घेतोय असं कळलं. कशाला? नारळ मी नेणार आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

विचार करून ठरवलं ते लिहितो.

मी जवळजवळ महिनाभर सगळ्या गोळ्या सोडल्या. म्हणजे अंगात तेवढ्या कमी पडल्या. एकेकीने ते भरून निघायला महिना जाईल, एवढं साधं गणित आहे. माझ्या लहानपणी भरतीला जाळं लावायचं राहिलं तर पुढच्या भरतीला दोन जाळी लावायचे, मासळी तेवढीच भेटायची. उत्तराबाई खाडीवर वाढल्या असत्या तर त्यांनाही हे सुचलं असतं.

उद्या सकाळी सगुणाच्या हातची एक, आणि डब्यातल्या चार. पाच म्हणजे शुभ. ठोके सावकाश, हात स्थिर, छाती शांत. उपास असल्यामुळे गोळी पटकन लागेल.

नेम मोडतोय याचं वाईट वाटतं. पण पाचही देवासाठीच घेणार आहे.

२८ ऑगस्ट, बुधवार. सरकारी दवाखाना, पुरुष वॉर्ड

डायरी चंदूने आणून दिली. म्हणाला, घ्या, लिहा काय पराक्रम केला तो. पोरगा बापाशी असं बोलतो.

झालं ते लिहितो, कारण वाड्यात ते वेगळं सांगतील.

सकाळी पाच गोळ्या घेतल्या. देवळात पूजा होईस्तोवर मी अगदी शांत होतो. इतका शांत की भटजींनी दोनदा हाक मारली. ताट हातात आलं. सोनेरी कागदावर ऊन पडलं. बँजो सुरू झाला. मी पुढे, सगुणा बाजूला हिरवं लुगडं नेसून, मागे सगळा वाडा. पहिल्या गल्लीत मी राजासारखा चाललो, हे कुणी नाकारणार नाही.

मग रस्ता हळूहळू लांब होत गेला. बँजोचा आवाज पाण्याखालून यावा तसा येऊ लागला. मधल्या गल्लीत हरिहर पाटलांच्या सुनेने पाय धुवायला पाणी घातलं, मी वाकलो आणि सरळ झालो. तेवढंच केलं. सरळ झालो तेव्हा समोरचं सगळं पांढरं होतं, आणि मी खाली कोसळलो.

ताट पडलं नाही. ते पडलं असतं तर मी इथे लिहायला जिवंत नसतो, लाजेने गेलो असतो. दामाजी मागून धावत आला, हे मी बघितलं. तो ताटाकडे येतोय असं मला वाटलेलं. तो माझ्याकडे आला. त्याने माझं डोकं धरलं.

ताट सगुणाने धरलं. तिने धरलं आणि थांबायचं नाही म्हणून ती थांबली नाही. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं. दामाजी ओरडला, वहिनी, तू जा, दादाला मी बघतो. मग ती तशीच अनवाणी पुढे गेली. सगळी मिरवणूक तिच्यामागे माझ्या बाजूने निघून गेली. माझ्या कानाशी बँजोवाल्याच्या चपला.

बंदरावर पायऱ्या उतरून गुडघाभर चिखलात जाऊन तिने नारळ सोडला, असं चंदू सांगतो. म्हणे एकही पंच काही बोलला नाही. म्हणे म्हाताऱ्या बायका रडत होत्या.

मला दामाजीने रिक्षात घालून इथे आणलं. ठोके इतके मंद झालेले की डॉक्टर दोनदा घड्याळाकडे बघत होता. सलाईन, सुया, छातीला वायरी. दामाजी रात्रभर बाकड्यावर बसून होता. नवा लेंगा मळला त्याचा. बरं झालं, असं वाटलं, मग वाटलं नाही.

सकाळी त्याने खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली, माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला. पांढरी, तशीच. मी विचारलं, हे काय? म्हणाला, तीच रे, तुझीच. सहा वर्षं घेतोय, उत्तराबाईंच्या आधीच्या डॉक्टरांपासून. मी म्हटलं, मग पायऱ्या कशा चढतोस? म्हणाला, पहिल्यांदा मलाबी जड व्हायचं, सांगितलं तर त्यांनी अर्धी केली. मी म्हटलं, आणि मासळी? म्हणाला, नेम कसला दादा, प्रेशर वाढलेलं, बाईंनी खारं बंद केलं. सुकी खायची नाय तर ओली तरी कशाला बघून जीव जाळायचा, म्हणून दोन्ही सोडली. लोक देवाचं समजले, मी कशाला सांगू?

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू कधी बसू दिलंस जवळ?

त्यावर उत्तर होतं माझ्याकडे. नर्स आली, राहून गेलं.

१ सप्टेंबर, रविवार

घरी. दुपारी गावकीचे पंच येणार असा निरोप. ओट्यावर सतरंजी घातली, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. काय बोलायचं ते ठरवलेलं. मान शेवटी आमच्याच घरात राहिला, दामाजीच्या घरात नाही गेला. मला पाहिजे होतं ते झालं. जरा वेगळ्या वाटेने झालं, पण बंदराला दहा वाटा जातात.

हरिहर पाटील आणि बाकीचे तिघे आले. दामाजीही आला, तो आता रोजच येतो. मी म्हटलं, या, बसा. पाटील बसले, तब्येत विचारली, मग म्हणाले, सगुणावहिनी कुठे? मी म्हटलं, आत आहे, माझ्याशी बोला ना. ते म्हणाले, काम वहिनींकडे आहे.

ती हात पुसत आली. पाटील म्हणाले, वहिनी, बायका मागे लागल्यात, गावकीनेही ठरवलंय, पुढल्या वर्षी नारळ तुम्हीच न्यायचा. सगुणा म्हणाली, नेईन की. इतकं सरळ. म्हणजे जसं काय कुणी विचारलं, भाजीला मीठ घालू का.

मग म्हणाली, एक मिनिट हां. आत गेली, गोळी आणि पाणी घेऊन आली. सकाळची घ्यायची राहिली होती, तिने घड्याळाकडे बघितलं, आज चालेल म्हणाली, एकच. माझ्या हातावर ठेवली. चार पंच आणि दामाजी बघत होते.

मी गिळली.

कुणी उठेना. सगुणा तशीच उभी होती.

मी तोंड उघडलं, जीभ वर केली. पाटील रस्त्याकडे बघू लागले. सगुणा म्हणाली, बरं, आता सगळ्यांना चहा टाका, मला चातुर्मास आहे.

चहा टाकला. दामाजीच्या कपात साखर मुद्दाम कमी.